ढगोबा आणि ओंजळभर मागणं

जिथे निळे डोंगर एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून झोपतात आणि सकाळचं धुकं ताज्या दुधासारखं दरीतून उतू जातं, तिथे झरेवाडी नावाचं इवलंसं गाव होतं. लालचुटूक कौलांची घरं, शेणानं सारवलेली अंगणं, अंगणात पिवळीधमक झेंडूची फुलं. आणि गावाच्या अगदी टोकाला, चिंचेच्या झाडाखाली, गवतानं शाकारलेल्या एका खोपटात शेवंता राहायची. तिला सगळे शेवू म्हणायचे.

शेवूला आई नव्हती. बाबा होते, हैबती त्यांचं नाव. आणि होता ढगोबा.

ढगोबा म्हणजे घोडा. पण राजाच्या मिरवणुकीत नाचतो तसा सडपातळ, ऐटबाज घोडा नव्हे हं! ढगोबा होता भला दांडगा. अंगाचा रंग भरून आलेल्या आभाळासारखा करडा. मान इतकी जाड की शेवूचे दोन्ही हात तिच्याभोवती पोचत नसत. खूर पोळपाटाएवढे, आणि खुरांवर पांढऱ्या केसांच्या झिपऱ्या. जणू आजीनं विणलेले लोकरीचे मोजे चारी पायांत चढवलेत! डोळे मात्र वासराचे. काळेभोर, टपोरे, ओलसर.

ढगोबा शर्यतीत कधी धावला नाही. त्याचं काम ओझं ओढायचं. रानातले ओंडके, देवळाचे दगडी खांब, पुलाच्या कमानीचे चिरे. जिथे बैलांचे पाय घसरत तिथे ढगोबा जाई. हैबती त्याच्या खांद्याशी चालत. हातात चाबूक नाही की काठी नाही. ते नुसते म्हणत, "टेक रे, बाळा." मग ढगोबा मान खाली घाली, छातीवरच्या जाड चामडी पट्ट्यात सगळं अंग टेकवी आणि तस्सा राही. ओझं म्हणे, मी हलणार नाही. ढगोबा म्हणे, बरं, मी इथेच आहे. आणि शेवटी हलायचं ते ओझंच.

"पोरी, हिसका कुणीही देतो," हैबती शेवूला सांगत. "पण टेकून राहायला छाती लागते."

पण त्या वर्षी झरेवाडीवर मोठं संकट आलं.

फाल्गुनात एके दिवशी सोसाट्याचं वादळ उठलं. डोंगरावरच्या झऱ्यापाशी एक जुनाट अर्जुनाचं झाड होतं. चार माणसांच्या कवेत मावणार नाही असं त्याचं खोड. ते झाड कडाड्कन उन्मळलं आणि थेट झऱ्याच्या तोंडावर आडवं झालं. त्यामागून एक धोंडा गडगडत आला आणि खोडाला टेकून घट्ट बसला. त्यावर माती, मुरूम, फांद्या. झऱ्याचं तोंडच बुजलं! हैबती धावत पाहायला गेले, तर एक दगड घरंगळत त्यांच्या पायावर आला. पाय मोडला. बाबा खाटेला खिळले.

झरा बंद झाला आणि गावाची विहीर दिवसेंदिवस खोल खोल जाऊ लागली. झेंडू माना टाकून बसले. चिमण्या चोची उघडून वळचणीखाली निपचित पडू लागल्या.

राणोजी गाडीवानानं आपली बैलांची जोडी नेऊन खोड ओढून पाहिलं. बैलांनी हिसके दिले, जू करकरलं, साखळी निसटली आणि पवळ्या बैलाच्या पायाला खोल जखम करून गेली. मग लोक ढगोबाला घेऊन गेले. राणोजीनं चाबूक कडाडवला. ढगोबानं एकदा मागे वळून पाहिलं, कान पाडले आणि जागचा हललाच नाही.

"नुसता खायला काळ आणि भुईला भार!" राणोजी चिडून म्हणाला.

त्या दिवसापासून ढगोबाच्या खांद्यावर एक लाल, ओली जखम राहिली. पट्टा वेडावाकडा बांधला होता ना, तो घासला होता.

आणि मग म्हाताऱ्या पाटलांनी सगळ्यांना पारावर बोलावलं. ते म्हणाले, "विहिरीत आता गाळच उरलाय. उद्या सकाळी गाव सोडायचं. नदीकाठी जाऊ. बघू कुणी थारा देतं का."

शेवू घरी आली. बाबांच्या उशाशी बसली. "बाबा, तुम्हाला कसं नेणार एवढ्या लांब?"

"मला कशाला नेता?" हैबती हसले, पण ते हसू ओठांवरच राहिलं. "तू ढगोबाला घेऊन जा. त्याला पाणी मिळेल असं बघ."

शेवूनं बाबांचा हात घट्ट धरला. तिच्या बारक्याशा कपाळावर एक आठी उमटली.

"मी जाणार नाही," ती म्हणाली. "आणि तुम्हालाही इथे टाकणार नाही. बाबा, ढगोबाला कसं सांगायचं ते मला येतं. उद्या तांबडं फुटायच्या आत मी त्याला वर घेऊन जाते. आम्ही दोघं ते खोड काढतो."

हैबतींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "त्याला घाई करू नकोस. आणि त्याला तुझी भीती दिसू देऊ नकोस, राग तर नाहीच नाही."

दुसऱ्या दिवशी पूर्वेला गुलाबी रेघ उमटायला आणि शेवू घरातून निघायला एकच गाठ पडली. एका हातात ढगोबाची दोरी, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. घरातलं शेवटचं पाणी. अर्धं बाबांच्या खाटेजवळ ठेवलेलं, अर्धं हे. कामाच्या आधी थोडं ढगोबाला आणि घोटभर स्वतःला, असं तिनं ठरवलं होतं.

रानात पळस फुलले होते. जणू झाडाझाडावर इवल्या इवल्या पणत्या लावल्यात. वाटेत एक धावड्याचं झाड होतं. त्याच्या सालीतून डिंकाचे सोनेरी थेंब ओघळले होते आणि कोवळ्या उन्हात खड्यांसारखे लकाकत होते. शेवू पाहतच राहिली. तेवढ्यात तिला एक बारीक, किणकिणता आवाज ऐकू आला. कुणीतरी रडत होतं.

तिनं जवळ जाऊन पाहिलं आणि तिचे डोळे विस्फारले. डिंकाच्या एका मोठ्या थेंबाला एक चिमुकली परी चिकटली होती! शेवूच्या करंगळीएवढी. अंगावर जांभळ्या पाकळीचा झगा. पंख आंब्याच्या कोवळ्या पानासारखे तांबूस, त्यावर सोन्याची बारीक नक्षी. पण एक पंख पुरता डिंकात रुतलेला.

"हलू नको, परीताई," शेवू हळूच म्हणाली. "ओढलंस तर फाटेल."

"कालपासून अडकलेय गं," परी हुंदके देत म्हणाली. "पाण्यानं डिंक सुटतो. पण रानात पाणी कुठे राहिलंय?"

शेवूनं तांब्याकडे पाहिलं. मग ढगोबाकडे. ढगोबानं नाक पुढे केलं, परीला हुंगलं आणि फुर्र केलं. जणू म्हणाला, माझी हरकत नाही.

शेवूनं बोटानं थेंब थेंब पाणी सोडायला सुरुवात केली. डिंक ओला झाला, मऊ झाला, पाझरू लागला. घाई केली असती तर पाणी वाचलं असतं, पण पंख गेला असता. शेवूनं घाई केली नाही. शेवटचा थेंब पडला आणि पंख अलगद मोकळा झाला. तांब्याही मोकळा झाला.

परी भिरभिरत वर उडाली. तिच्या पंखांतून सोनसळी चुरा भुरभुरला. मग ती येऊन ढगोबाच्या दोन कानांच्या मधोमध बसली.

"शेवू, तू मला तुझं शेवटचं पाणी दिलंस. आता तू माग. तीन मागण्या. पण मी रानफुलांची परी आहे, लहानशी. माझ्या मागण्यांना नियम असतात."

"कोणते नियम?"

"तुझ्या ओंजळीत मावेल तेच मागायचं, त्याहून मोठं मला देता येत नाही. रागानं काही मागायचं नाही. रागानं मागितलंस की त्याचा धूर होतो आणि ती मागणी वाया जाते. आणि सूर्य मावळला की सगळं संपलं."

शेवूनं आपली ओंजळ पाहिली. केवढीशी ती! त्यात खोड मावणार नव्हतं, धोंडा मावणार नव्हता, झराही मावणार नव्हता. क्षणभर तिचा चेहरा उतरला. पण मग तिनं ढगोबाच्या करड्या मानेवर हात ठेवला. कातडीखाली उबदार, भरीव ताकद होती, शांत झोपलेली.

"मोठं जे लागणार आहे ते इथे आहे," ती म्हणाली. "मला बारीकसारीकच कमी पडतंय."

तिनं पट्टा हातात घेतला. तो जिथे खांद्यावर टेकायचा तिथेच ती लाल जखम होती. असा पट्टा बांधला तर पहिल्याच ओढीला ढगोबा कळवळला असता.

"परीताई, मला ओंजळभर सावरीचा कापूस दे. सगळ्यात मऊ असेल तो."

परीनं पंख फडफडवले आणि शेवूच्या ओंजळीत पांढराशुभ्र, रेशमी, ढगाच्या पिलासारखा कापूस आला. शेवूनं तो आपल्या फाटक्या ओढणीत गुंडाळला आणि पट्ट्याला आतून बांधला. मग ढगोबाचे खांदे चोळले आणि पट्टा नीट, दोन्ही बाजूंनी सारखा चढवला. ढगोबानं अंग हलवून पाहिलं. दुखलं नाही! त्यानं कान टवकारले.

दोघं वर चढू लागले. झऱ्याच्या अलीकडे खडकाच्या सावलीत कुणीतरी बसलं होतं. तो राणोजी होता. त्याच्या मांडीवर पवळ्याचं डोकं. तांबूस-पिवळा, देखणा बैल, पण पाय सुजून उंबरासारखा लाल झालेला.

"राणूकाका, तुम्ही इथे?"

राणोजीनं घाईघाईनं डोळे पुसले. "खोडावर शेवटचा एकदा जोर लावावा म्हणून जोडी आणली. पण याला पुढे पाऊल टाकवेना. आता मागेही जाता येईना. गाव निघालं की याला इथंच सोडावं लागणार." त्यानं पवळ्याच्या कपाळावरून हात फिरवला. "वासरू होता तेव्हापासून माझ्या हातचं खाल्लंय गं यानं."

शेवू थांबली. हाच तो राणूकाका. यानंच ढगोबावर चाबूक उगारला होता.

परी तिच्या कानाशी कुजबुजली, "शेवू, दोनच मागण्या उरल्यात. खोड फार मोठं आहे."

शेवूनं डोंगराकडे पाहिलं. आडवं पडलेलं काळं खोड इथूनही दिसत होतं, एखादा अजगर सुस्तावून पडावा तसं. मग तिनं पवळ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्याच्या कडेला पाणी जमलं होतं.

"ते आमचं आम्ही बघू," ती हलकेच म्हणाली. "परीताई, ओंजळभर मलम दे. जखम भरेल आणि ठणका जाईल असं."

तिच्या ओंजळीत हिरवंगार मलम आलं, तुळस आणि लोण्याच्या वासाचं. तिनं ते पवळ्याच्या पायाला लावलं. सूज वितळल्यासारखी ओसरली. पवळ्यानं पाय हलवला, झाडला आणि उठून उभा राहिला. गळ्यातली घंटा टिणटिण वाजली.

राणोजीनं पवळ्याचा पाय चाचपून पाहिला. मग त्यानं खाली मान घातली. "पोरी, मी तुमच्या घोड्याला..."

"ते राहू दे, काका. तुमच्याकडे पहार आहे ना? आणि ती मोठी साखळी?"

"आहे!" राणोजी ताडकन उठला. "खोडाखाली घालायला गोल लाकडंही तोडतो. तू नुसतं सांग!"

उन्हं वर चढली. राणोजीनं पहारीनं खोडाखालची माती मोकळी केली, गोल ओंडके सरकवले, साखळी घट्ट आवळली. शेवूनं ढगोबाला जागा शोधू दिली. त्यानं एक खूर टाकला, घासून पाहिला, उचलला, दुसरीकडे टाकला. घसरडा मुरूम त्याला नको होता. शेवटी चारी पाय त्यानं पक्क्या खडकावर रोवले.

त्याला तुझी भीती दिसू देऊ नकोस, असं बाबा म्हणाले होते. शेवूनं ढगोबाच्या मानेवर हात ठेवला.

"टेक रे, बाळा."

ढगोबानं मान खाली घातली. छाती पट्ट्यात गेली. साखळी ताठ झाली, गुणगुणू लागली. त्याच्या मांड्यांवर दोरखंडासारखे स्नायू उठले. आणि खोड? खोड ढिम्म!

"टेकून राहा, ढगोबा. टेकून राहा."

तो राहिला. कपाळावरून घामाचे थेंब टपटपले. मग कुठेतरी खोलवर कर्र झालं आणि खोड तसूभर सरकलं. तसूभरच! पण सरकलं.

"बस्स. थांब. शाब्बास माझ्या राजा!" शेवूनं साखळी सैल केली आणि त्याला दम खाऊ दिला. राणोजीनं मिळालेल्या फटीत दगड ठोकला, म्हणजे खोड परत मागे येणार नाही.

असं ते काम चाललं. टेकायचं, तसूभर घ्यायचं, दगड ठोकायचा, दम खायचा. पुन्हा टेकायचं. सूर्य डोक्यावर आला, कलला, तरी चाललं. शेवूचे ओठ सुकून पांढरे पडले. दोरीनं तळहात सोलवटले. ती ढगोबाच्या खांद्यापासून बाजूला झाली नाही.

खाली गावात गाड्या भरता भरताच दुपार झाली होती. पण डोंगरावरून येणारा खणखणाट ऐकून एकेक जण वर येऊ लागला. पाटील आले, बायाबापड्या आल्या, कडेवर पोरं घेऊन आल्या. सगळे श्वास रोखून पाहू लागले.

ढगोबा दम घेत उभा होता तेवढ्यात पाटलांचा थोरला मुलगा बंडोजी पुढे झाला. उन्हानं आणि तहानेनं त्याचं डोकं तापलं होतं. "एवढं थांबतो कशाला हा? दिवस बुडतोय! दोन फटके बसले की पळेल!" आणि त्यानं चाबूक उचलला.

शेवूच्या डोक्यात जाळ उठला. जळून जाऊ दे त्याच्या हातातला चाबूक! शब्द अगदी जिभेच्या टोकावर आले. ढगोबाच्या आयाळीत परी श्वास रोखून बसली होती. पण शेवूनं ओठ घट्ट मिटले. इतके घट्ट, की डोळ्यांत पाणी आलं. ती ढगोबाच्या आणि चाबकाच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"बंडूदादा," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण पाय कापत नव्हते. "तो थांबला नाहीये. तो ताकद गोळा करतोय. तुम्ही मारलंत तर तो माझं ऐकणार नाही, आणि मग आपल्या कुणालाच पाणी मिळणार नाही."

राणोजी पुढे आला. त्यानं बंडोजीच्या हातून चाबूक काढून घेतला, गुडघ्यावर धरून काडकन मोडला आणि दरीत भिरकावला. "ही चूक मी करून बसलोय, दादा. आता ही दुसरी पहार धर आणि माझ्या शेजारी ये."

बंडोजीनं मान खाली घातली. मग त्यानं पहार उचलली.

सूर्य आता डोंगराच्या खांद्यावर टेकला होता. केशरी, गुलाबी, जांभळे रंग आभाळभर सांडले होते. खोड बरंचसं बाहेर आलं होतं, पण शेवटचा धोंडा त्याला अजून धरून होता. ढगोबाचे पाय आता थरथरू लागले. तोंडाला फेस आला. मान खाली गेली ती वर येईना.

"शेवू," परी म्हणाली, "एकच मागणी उरलीय. सूर्यही थोडाच उरलाय."

काय मागावं? लोखंडाची कडी? हिऱ्याची पाचर? शेवूनं ढगोबाच्या डोळ्यांत पाहिलं. त्यात आभाळ दिसत होतं आणि त्या आभाळात ती स्वतः. तिला एकाएकी कळलं. तो सकाळपासून तहानलेला होता आणि त्यानं एकदाही तक्रार केली नव्हती.

"परीताई, ओंजळभर गार पाणी दे."

ओंजळ भरली. निळंशार, गारेगार पाणी! त्यात संध्याकाळचे सगळे रंग लकलकत होते. शेवूची जीभ टाळ्याला चिकटली होती. पण तिनं ओंजळ सरळ ढगोबाच्या ओठांशी नेली. तो प्याला. मखमली ओठांनी तिच्या तळहातावरचा शेवटचा थेंबही टिपला. त्यानं डोळे मिटले, उघडले आणि एक लांब, खोल श्वास घेतला.

मग कुणी काही सांगायच्या आत त्यानं स्वतःच खूर रोवले.

शेवूनं आपला इवलासा खांदा त्याच्या भल्यामोठ्या खांद्याला लावला.

"टेक रे, बाळा. मी पण टेकते."

राणोजी आणि बंडोजीनं पहारी लावल्या. पवळ्या आणि त्याच्या जोडीदाराला बाजूच्या साखळीला जुंपलं, आणि आज तेही हिसका न देता नुसते टेकले. ढगोबा इतका खाली वाकला की त्याची छाती जमिनीला लागेल असं वाटलं. त्याच्या नालांखाली खडकावर ठिणग्या उडाल्या. कुणी ओरडलं नाही. साऱ्या डोंगरावर फक्त साखळीची गुणगुण आणि त्या घोड्याचा श्वास.

कर्र... कर्रर्र... कडाड!

खोड सुटलं! धोंडा डुगडुगला, कलंडला आणि गडगडत दरीत गेला. क्षणभर सगळं शांत. मग मातीच्या पोटातून गुडगुड आवाज आला, आणि झरा धो धो करत बाहेर पडला!

लोक हसले, रडले, एकमेकांच्या गळ्यात पडले. पण पहिलं पाणी मातकट होतं, लाल चिखलासारखं. ते निवळेपर्यंत थांबायला हवं होतं. आणि शेवूला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. घामानं निथळणाऱ्या घोड्याला लगेच पोटभर पाणी देत नाहीत. म्हणून तिनं साखळी सोडली, पट्टा उतरवला आणि ढगोबाला हळूहळू पठारावर फिरवू लागली. त्याच्या पोळपाटाएवढ्या खुरांचे ठसे ओल्या मातीत उमटत गेले.

"परीताई," ती म्हणाली, "त्याला एवढी ताकद तूच दिलीस ना?"

परी खुदकन हसली. "मी फक्त कापूस, मलम आणि पाणी दिलं गं. बाकी सगळं त्याचं आणि तुझं."

तिकडून घंटेची टिणटिण ऐकू आली. राणोजीनं दुपारीच खाली निरोप धाडून मागवलेली गाडी आता वर पोचली होती, आणि गाडीत गवतावर हैबती बसले होते. डोळ्यांतून पाण्याच्या धारा. "पोरी! माझ्या पोरी!" एवढंच ते म्हणू शकले.

"मला आता जायला हवं," परी म्हणाली. "पण जाताना माझ्या स्वतःच्या ओंजळीत मावेल तेवढं देऊन जाते."

तिनं आपल्या चिमुकल्या ओंजळीत पंखांवरचा सोनेरी चुरा गोळा केला आणि फुंकर घातली. काही कण ढगोबाच्या खुरांच्या ठशांत पडले. ठशाठशातून लुसलुशीत, पोपटी गवत वर आलं, आणि गवतात निळी, पांढरी, गुलाबी रानफुलं. काही कण हैबतींच्या मोडक्या पायावर पडले. त्यांनी बोटं हलवून पाहिली. मग गाडीचा दांडा धरून ते हळूच खाली उतरले आणि आपल्या दोन्ही पायांवर उभे राहिले.

एक कण शेवूच्या सोलवटलेल्या तळहातावर पडला. गार गार वाटलं.

शेवूनं वर पाहिलं. परीचे पंख आता दिसत नव्हते, नुसता उजेडच दिसत होता. तो केशरी झाला, मग सोनेरी, मग इतका पांढरा की डोळे दिपले. सूर्याचा शेवटचा किरण डोंगरामागे गेला आणि परी त्या उजेडात विरघळून गेली.

इकडे झऱ्याचं पाणी निवळलं होतं. तळाचे खडे दिसू लागले होते. सगळं गाव काठावर उभं होतं, सुकलेल्या ओठांनी, रिकामे हंडे घेऊन. एका पोरानं हात पुढे केला, तशी त्याच्या आईनं तो हलकेच मागे घेतला.

म्हातारे पाटील बाजूला सरले. त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं. "शेवंताबाई," ते म्हणाले, "आधी त्याला."

गर्दी दुभंगली. ढगोबा शेवूबरोबर सावकाश चालत आला, काठाशी थांबला आणि त्यानं पाण्यात नाक घातलं. तो घुटक घुटक करत किती वेळ प्याला! लहान मुलं आ वासून बघत होती. कुणी घाई केली नाही. शेवटी त्यानं मान वर केली, ओठांवरून मोत्यांसारखे थेंब ओघळले आणि त्यानं समाधानानं फुर्र केलं.

मग सगळं गाव पाणी प्यालं.